‘घरचीच तर स्पर्धा आहे’ म्हणताना होणाऱ्या चुका

मागच्या दिवाळीच्या सुट्टीतली आमच्या मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा. तिसरी फेरी, अकरावा पट. नऊ वर्षांच्या एका पोराने समोरच्याचा राजा उचलला, बाजूला ठेवला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "जिंकलो!" समोरच्या मुलाने राजाला शह असताना भलतीच चाल करून घड्याळ दाबलं होतं. दोघांचेही वडील दाराशी उभे. एकाचं म्हणणं, राजा मेला म्हणजे डाव संपला. दुसऱ्याचं म्हणणं, बुद्धिबळात राजा मारतात का कधी?

नियमाने दुसरे वडील बरोबर. राजा पटावरून उचलायचा नसतोच. समोरच्याने शह तसाच ठेवून घड्याळ दाबलं, तर आपण घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचांना सांगायचं. त्याची पहिलीच चूक असेल, तर आपल्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात. त्याच डावात त्याने पुन्हा तशी चाल केली, तर तो हरतो. पण तक्रार करायची ती आपली पुढची चाल खेळायच्या आधी. जलद डावात आपण चाल खेळून बसलो, की ती संधी गेली. म्हणजे राजा उचलणाऱ्या पोराने हातातली तक्रार तर घालवलीच, वर स्वतःही नियमबाह्य चाल केली. शेवटी दोघांना विचारून, दोघांच्या संमतीने, मी डाव मागे नेला. दोन खेळाडू तयार असतील तर तसं करता येतं. पण खरी चूक त्या पोराची नव्हतीच, आमची होती. पहिल्या फेरीआधी हे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘घरचीच स्पर्धा, सगळे ओळखीचे’ म्हणून आम्ही थेट "घड्याळं सुरू करा" म्हणालो होतो.

गेली बरीच वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावी अशा स्पर्धांत कधी पंच, कधी पेटीतली प्यादी मोजणारा म्हणून राबतोय. भांडणं खेळामुळे फार कमी होतात. जे आधी सांगायचं राहून गेलं, त्यावरून होतात.

सुरुवातीची पाच मिनिटं वाचवू नका

नारळ फोडून झाला, पाहुण्यांचं भाषण झालं, की सगळ्यांना घाई होते. नेमकी तीच पाच मिनिटं पंचांना द्या. पाहुण्यांची कमी करा. सगळं नियमपुस्तक वाचायचं नाही, ज्यावरून आपल्याकडे हमखास खटके उडतात तेवढंच सांगायचं. हात लावला ती सोंगटी खेळायची. नीट ठेवायची असेल तर आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं, मग हात लावायचा. हात लावून झाल्यावर म्हटलेलं चालत नाही. कॅसलिंग (राजा दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडे ठेवायची चाल) करताना आधी राजा, मग हत्ती, आणि दोन्ही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लावला, तर त्या चालीत त्या बाजूचं कॅसलिंग विसरा. चाल ज्या हाताने, घड्याळही त्याच हाताने. उशिरा येणाऱ्याची किती मिनिटं वाट बघणार, तो आकडाही आत्ताच सांगा. मोबाईल बंद करून पिशवीत.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांगावी लागते. शहरातल्या मंडळींना हसू येईल, पण गावात अजूनही आजोबांकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकून आलेली मुलं असतात. त्यात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, आणि शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा होतं. आजोबांचं चुकलेलं नाही, तेही नियमच होते. फक्त आजच्या स्पर्धेत ते चालत नाहीत, हे डाव सुरू व्हायच्या आधी कळलेलं बरं. मध्येच कळलं तर मूल रडतं, आणि आजोबा पुढच्या वर्षी वर्गणी देत नाहीत.

घड्याळ: निम्मी डोकेदुखी इथेच

पत्रकावर ‘१५ मिनिटं + १० सेकंद’ (प्रत्येकी १५ मिनिटं, शिवाय दर चालीला १० सेकंद वाढीव) छापलेलं असतं, आणि दुसऱ्या फेरीत कुणीतरी येऊन सांगतं की त्याच्या पटावर सेकंद वाढतच नाहीत. बहुतेक वेळा डिजिटल घड्याळाचा पर्याय चुकीचा निवडलेला असतो. उपाय साधा आहे. एकाच माणसाने सगळी घड्याळं लावायची, आणि लावून झाल्यावर प्रत्येकाची कळ एकदा दाबून आकडा वाढतो का ते बघायचं. कपाटात पडलेली जुनी काट्यांची घड्याळं काढणार असाल, तर त्यांत सेकंद वाढवायची सोयच नाही. तेव्हा पत्रकावरच तसं लिहा. प्रत्येकी १० मिनिटांपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लिट्झ आणि त्याहून जास्त, पण एका तासाहून कमी, म्हणजे रॅपिड, अर्थात जलद डाव. वाढीव सेकंद ६० चालींचे धरून हिशोब करतात. म्हणून १५ अधिक १० सेकंद म्हणजे २५ मिनिटांचा डाव. हा आकडा दंडासाठीही लागतो, कारण ब्लिट्झमध्ये नियमबाह्य चालीला दोन मिनिटांऐवजी एकच मिनिट वाढवून मिळतं.

याच हिशोबावरून वेळापत्रकही चुकतं. २५ मिनिटं एकाची, म्हणजे दोघांची ५०, आणि डाव ६० चालींच्या पुढे गेला तर आणखी. एका फेरीला तास धराच. ‘सकाळी ९ ते दुपारी २, सहा फेऱ्या’ असं छापणाऱ्याने जोड्या लावायला लागणारा वेळ आणि पोह्यांची रांग धरलेली नसते.

घड्याळं पटांपेक्षा कमी असणं हे आपल्याकडे नेहमीचंच. पहिल्या काही पटांना द्यायची आणि बाकीच्यांना ‘खेळा असेच’ म्हणायचं, हे करू नका. शेवटच्या पटांवर एक पोरगं पाऊण तास एकाच चालीवर बसतं आणि पुढची फेरी अडते. त्यापेक्षा आधीच जाहीर करा, की २० मिनिटांनंतर जे डाव चालू असतील त्यांना प्रत्येकी पाच मिनिटं लावून घड्याळ मिळेल. तोवर वरच्या पटांवरची घड्याळं मोकळी होऊ लागतात.

वेळ संपली म्हणजे हार, हे सगळ्यांना माहीत असतं. पण समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल, तर वेळ संपूनही डाव बरोबरीत सुटतो. याची उलट बाजू फसवी आहे. "त्याच्याकडे एकच घोडा आहे, मात कशी होणार, बरोबरी द्या!" असा वेळ संपलेल्याचा दावा दर स्पर्धेत एकदा तरी येतो. नियम बघतो तो एवढंच, की कुठल्याही कायदेशीर चालींनी, वेळ संपलेल्याने अगदी वेड्यासारखं खेळून का होईना, त्याच्यावर मात होऊ शकते का. दावा करणाऱ्याचं स्वतःचं एखादं प्यादं पटावर असेल, तर कोपऱ्यात त्याचाच राजा त्याच प्याद्यामागे अडकून एकट्या घोड्याने मात होऊ शकते. म्हणून तिथे बरोबरी नाही, हार. ही स्थिती मी पटावर मांडूनच दाखवतो, तोंडी सांगून कुणाला पटत नाही.

प्यादं वजीर होतं तेव्हाचा घोळ तर दरवर्षीचा. वजीर हाताशी नसतो म्हणून मुलं मारलेला हत्ती उलटा ठेवतात आणि ‘हा वजीर’ म्हणतात. उलटा ठेवला तरी तो हत्तीच. पुढच्या चालीला तो तिरका नेला, की नियमबाह्य चाल झाली. घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा, त्यासाठी थांबवायची मुभा आहे. मी फेरीभर दोन पांढरे आणि दोन काळे वजीर खिशात ठेवून फिरतो.

जोड्या आणि बक्षिसं

३७ नावं आली की कुणीतरी हमखास ‘बाद पद्धत’ सुचवतं. मग पहिल्याच फेरीत निम्मी मुलं घरी. वीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या पोराला एकच डाव मिळतो. स्विस पद्धत याचसाठी आहे. १८९५ मध्ये झ्युरिकला ती पहिल्यांदा वापरली. यात कुणी बाद होत नाही, साधारण सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात आणि तीच जोडी पुन्हा लागत नाही. किती फेऱ्या हव्यात याचा अंदाज दुपटीने करा: ३२ जणांत सगळे डाव जिंकणारा एकच उरावा तर ५ फेऱ्या, ६४ पर्यंत ६. आठ-दहाच जण असतील तर मात्र सगळ्यांशी सगळे खेळवा. आठ जणांचे २८ डाव होतात, दोन रविवारांत उरकतात, आणि मंडळाच्या आतल्या स्पर्धेला यासारखी मजा नाही.

जोड्या लावायला संगणक असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड करा: कुणाशी खेळला, रंग कुठला, गुण किती. हाताने जोड्या लावणारे बहुतेक जण रंग लिहायला विसरतात आणि मग एकच मुलगी सलग तिसऱ्यांदा काळ्यांनी खेळते. दुसरी चूक म्हणजे दोन पटांचे निकाल यायचे बाकी असताना ‘वेळ वाचवायला’ पुढच्या जोड्या लावणं. वाचलेला वेळ व्याजासकट परत जातो. संख्या विषम असेल तर सर्वांत कमी गुणवाल्याला बाय, म्हणजे न खेळता एक गुण, आणि एकाच खेळाडूला तो दोनदा नाही. "आमची मुलगी खेळायला आलीय, बसायला नाही," हे पालकांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून मंडळाचा एक कार्यकर्ता राखीव ठेवतो. संख्या विषम झाली की तो खेळायला बसतो, बक्षिसात त्याचं नाव नाही. ‘एकाच शाळेतल्या दोघांना समोरासमोर का टाकलं’ या प्रश्नावर मात्र कधीच वाकू नका. एकदा जोडी बदललीत की पुढे प्रत्येक जोडीसाठी रांग लागते.

सारखे गुण झाले तर काय, हे पहिल्या फेरीआधी भिंतीवर लावा. बुखोल्झ म्हणजे आपल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. समजा, दोघांचे पाचपैकी चार गुण. एकाचे प्रतिस्पर्धी ४, ३, ३, २.५ आणि २ गुणांवर थांबले, बेरीज १४.५. दुसऱ्याचे ३, ३, २, २, १, बेरीज ११. पहिला वर, कारण तो जास्त तगड्यांशी खेळला. ऐकताना हे सगळ्यांना न्याय्य वाटतं. बक्षीस समारंभाच्या पाच मिनिटं आधी पहिल्यांदा ऐकलं, तर तेच कारस्थान वाटतं. आम्ही पूर्वी चिठ्ठी टाकायचो. एका वर्षी चिठ्ठीने ट्रॉफी हुकलेली मुलगी पुन्हा आलीच नाही, तेव्हापासून चिठ्ठी बंद.

पत्रकावर ‘फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) नियमांनुसार’ छापलंत, तर लोकांना वाटतं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा अधिकृत आकडा, मिळणार. हल्ली तर जास्तच. २०२५ च्या जुलैत बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला जलद डावांत हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे पहिलीच चौकशी असते, "रेटिंग किती वाढेल?" रेटिंगच्या स्पर्धेची नोंदणी आधी करावी लागते. आपली तशी नसेल, तर ‘ही स्पर्धा रेटिंगसाठी नाही’ ही ओळ प्रवेश फीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. वयोगट छापताना ‘नऊ वर्षांखालील’ एवढ्यावर थांबू नका, जन्मतारीख लिहा.

बारीकसारीक

पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर आपापल्या रंगावर. चटया घालणारी मंडळीच पटही मांडतात, त्यामुळे चार पट तरी आडवे असतातच. दोघांच्या दहा-दहा चाली झाल्यावर पट चुकीचा मांडल्याची तक्रार जलद डावात चालत नाही. राजा-वजिराची अदलाबदल झाली असेल, तर कॅसलिंगही करता येत नाही. म्हणून फेरी सुरू व्हायच्या आधी एक फेरफटका मारा. घड्याळं सगळ्या पटांच्या एकाच बाजूला ठेवली, की एका टोकाला उभं राहून सगळी दिसतात.

पालकांना आत घेऊ नका. ते काही सांगत नाहीत हे खरं, पण त्यांचा चेहरा सांगतो. हत्ती फुकट जात असेल, तर बाबांच्या कपाळावरची आठी मुलाला बरोबर कळते.

शेजारच्या गावाच्या मंडळाशी सामना असेल, तर पटांचा क्रम आधी लेखी घ्या. नाहीतर तगडा खेळाडू ऐनवेळी पहिल्या पटावरून चौथ्यावर सरकतो. रंगांसाठी नाणेफेक एकदाच. जिंकणाऱ्या संघाने पहिल्या पटावर पांढऱ्या घेतल्या, तर दुसऱ्यावर काळ्या, पुढे तसंच आलटून पालटून. एकाहून जास्त सामने असतील, तर विजेता डावांच्या गुणांवर ठरणार की सामन्यांच्या, हेही तेव्हाच बोलून घ्या.

निकाल तोंडी घेऊ नका. मुलं टेबलाशी येऊन "मी जिंकलो" म्हणतात, दोन मिनिटांनी दुसराही येऊन तेच म्हणतो, आणि तोवर सोंगट्या पुन्हा मांडलेल्या असतात. दोघांच्या सह्यांची चिठ्ठी घ्या. शिवाय डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवायला शिकवा: पांढरा जिंकला तर दोन्ही पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर दोन्ही काळ्या घरांत, बरोबरी असेल तर एक पांढऱ्यात, एक काळ्यात. लांबून बघूनच कळतं. आमच्याकडची लहान मुलं हे इतक्या मन लावून करतात, की हरलेलं पोरही डोळे पुसता पुसता राजा नेमक्या घरात सरकवतं.