व्हेंटिलेटर लावण्याआधी पेशंटची उंची मोजा

आमच्याकडे नवा रेसिडेंट आला की मी त्याच्या हातात आधी टेप देते. केसपेपरवर वजन असतं, उंची बहुधा नसते. आणि फुफ्फुसाचं माप ठरतं उंचीवरून. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुफ्फुसं मोठी होत नाहीत.

सेंटीमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, ०.९१ने गुणा, बाई असेल तर ४५.५ मिळवा, पुरुष असेल तर ५०. या किलोंना प्रत्येकी ६ ते ८ मिली टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवा. समजा, पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला १५२ सेंमी उंचीची, ८५ किलोची बाई आली. हिशेबाचं वजन ४५, सातने गुणून ३१५ मिली. खरं वजन धरून आठने गुणलं असतं तर ६८०! आधीच्या पेशंटचे ५०० मशीनवर तसेच राहिले असतील, तर तेही तिला जास्तच. श्वास लहान केला की मिनिटाला श्वासांचा रेट वाढवून कार्बन डायऑक्साइड सांभाळा. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) पेशंटला मात्र रेट वाढवताना जपून. श्वास पूर्ण बाहेर पडायला वेळ लागतो.

आता पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही मशीन फुफ्फुसात राखून ठेवतं तो दाब (सेंमी पाण्यात). ‘सगळ्यांना १२ लावू’ हा उत्साह नको. २०१४च्या प्रोव्हिलो चाचणीत पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांत १२ पीपने फुफ्फुसाचे त्रास कमी झाले नाहीत, बीपी मात्र जास्त पडलं. मी ५ने सुरुवात करते आणि श्वास आत गेल्यावर शेवटी पॉज देऊन प्लॅटो प्रेशर, म्हणजे हवा थांबलेली असतानाचा दाब, बघते. प्लॅटोतून पीप वजा केलं की ड्रायव्हिंग प्रेशर; हे जितकं कमी तितकं बरं. पेशंट स्वतः श्वास ओढत असेल तर हा आकडा फसवा.

आपल्या बाईचं प्लॅटो १७, म्हणजे ड्रायव्हिंग १२. छान. पोटात गॅस भरल्यावर प्लॅटो २४, ड्रायव्हिंग १९. इथे व्हॉल्यूमला हात लावण्याआधी बीपी पाहा. ते नीट असेल तर मिटलेलं फुफ्फुस एकदा हळूहळू उघडून घ्या, मग पीप दोन-दोनने बदला. टायडल व्हॉल्यूम तेच ठेवून ८ला ड्रायव्हिंग १६, १०ला १३, १२ला पुन्हा १५ आलं, तर तिचं पीप १०. दर पायरीला थोडं थांबायचं. सर्जन घाई करतातच, करू द्या.

टेबल तिरकं केलं, गॅस सोडला, की पुन्हा मोजा. गॅस गेल्यावर तेच १० तिला जास्त होऊ शकतं.