मूळ डिस्कवर मोठे टायर : फुल लॉकला घासणं असं थांबलं

पिकअपला कंपनीचे २१५/७५ आर १५ टायर होते (रुंदी २१५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, आत १५ इंची रिम). शेतरस्त्यावर पोट घासायचं म्हणून त्याच डिस्कवर (चाकाच्या रिमवर) २३५/७५ टाकले. रिकामी गाडी ठीक, पण कांदा भरून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं (फुल लॉक) की पुढून ‘खर्रर्र’. आधी मडफ्लॅप कापला. मग मेस्त्रींनी स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट (चाक किती वळेल ते अडवणारा) वाढवला. आवाज गेला, पण गाडी गल्लीत वळेना. स्पेसर (चाकामागे घालायच्या जाड चकत्या) मी घेतलेच नाहीत, त्याने चाक आणखी बाहेर येतं. दोन महिने आणि नव्या टायरची किंमत पाण्यात.

शेवटी जमलं ते असं. आधी डिस्कवरचा शिक्का पाहिला : ६जे, म्हणजे रुंदी ६ इंच. २३५ ला ही रुंदी जेमतेम चालते, २२५ ला अगदी बरोबर बसते. मग टायरच्या व्यासाचा हिशोब : रुंदी × ०.७५ × २ + ३८१ मिमी (रिमचे १५ इंच). जुना टायर ७०३.५, २३५ चा ७३३.५, २२५ चा ७१८.५. म्हणजे २२५ ने गाडीची उंची साडेसात मिमीच वाढते (व्यासवाढीच्या निम्मी), आणि काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग साधारण ६१.

लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्यापेक्षा कमी नाही हे पाहून आधी पुढचे दोनच २२५ बसवले, स्टॉपर बोल्ट मूळ जागी आणला. टायरच्या खांद्याला खडू फासला, माल भरला, दोन्ही बाजूंना फुल लॉक करून पुढे-मागे घेतली. खडू कुठेच उमटला नाही, तेव्हा मागचे दोन आणि स्टेपनी घेतली.