एअर-कूल्ड टू-स्ट्रोक मोटारसायकलच्या इंजिनाचे तापमान कसे मोजावे आणि आटोक्यात कसे ठेवावे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि आरएक्स 100, येझदी किंवा राजदूत जिवापाड सांभाळणाऱ्यांना इंजिनाची धास्ती वाटू लागते. हवा दहा अंशांनी तापली की इंजिनाचे हेडही (सिलिंडरवरचे झाकण) ढोबळमानाने तेवढेच जास्त तापते. पिस्टन मात्र चिकटतो तो बहुतेक वेळा हवा जास्त आणि पेट्रोल कमी, म्हणजे लीन मिश्रण जळत राहिल्यामुळे. म्हणून आधी मोजावे आणि मगच हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हात लावावा.

मोजण्यासाठी स्पार्क प्लगखाली बसणारा, वॉशरच्या आकाराचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, घ्यावा. प्लगची मूळ वॉशर काढून तो त्या जागी बसवावा आणि त्याची वायर फिन्सला (इंजिन गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांना) टेकणार नाही, प्लगच्या जाड वायरीजवळूनही जाणार नाही अशी बांधावी, अन्यथा ठिणगीच्या प्रभावाने आकडे उड्या मारतात. इन्फ्रारेड गन चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. तीच वापरायची असेल, तर हेडवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि गन त्यावरच रोखावी.

त्यानंतर गाडीचा नेहमीचा आकडा ठरवावा. इंजिन नीट तापल्यावर तुळजापूर रस्त्यावर सपाटीला एकाच वेगाने आणि पुढे घाटाच्या चढावर मागे बसलेल्या व्यक्तीने हवेच्या तापमानासह नोंदी घ्याव्यात. प्लगखाली साधारण 130 ते 180 अंश सेल्सिअस ही सपाटीवरची ठीक स्थिती आहे. घाटात आकडा 200 च्या आसपास जाऊ शकतो. तो 220 च्या पुढे चढतच राहिला तर थांबावे, कारण 200 अंशांनंतर अ‍ॅल्युमिनियमची ताकद झपाट्याने घटते. तरीही माझ्या मते या सर्वसाधारण मर्यादांपेक्षा आपल्याच गाडीची जुनी नोंद अधिक मोलाची आहे: तोच रस्ता, तोच वेग आणि तशीच हवा असताना वीस अंश जास्त दिसले, तर काहीतरी बिघडलेले आहे.

बिघाड शोधताना आधी फिन्स पाहाव्यात. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती त्यांच्या फटींत बसून वाळते आणि हवेची वाट बंद करते. इंजिन गार झाल्यावर ती ब्रशने काढावी. तापलेल्या इंजिनावर पाणी मारू नये.

मग हवागळती, म्हणजे बाहेरची हवा आत शिरून मिश्रण लीन होणे, तपासावी. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम लवकर खाली येत नसेल, तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबरी मॅनिफोल्ड किंवा क्रँकचे ऑइल सील गळत असण्याची दाट शक्यता असते. खात्री करण्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात सुमारे 6 पीएसआय दाब भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तिथे गळती आहे. ती दूर केल्याशिवाय जेट (पेट्रोल किती जाईल हे ठरवणारा कार्बोरेटरमधला बारीक छिद्राचा भाग) बदलणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

गळती नसेल तर मुख्य जेटकडे वळावे. नवा प्लग लावून मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर चालवावे, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि बाजूला थांबून प्लग पाहावा. पांढरा फटक असेल तर मिश्रण लीन आहे. जेट एक आकार मोठा घालून पुन्हा पाहावे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन अधिक असल्याने जुन्या जेटवर मिश्रण आणखी लीन होते. तसेच थंड हवा दाट असते, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी नेमका बसवलेला जेट जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे कमी पडू शकतो. हिवाळ्यात ही चाचणी पुन्हा करावीच.

येझदीसारख्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याच्या गाड्यांत भीतीपोटी ऑइल वाढवू नये, कारण त्याच जेटमधून तेवढे पेट्रोल कमी जाते. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सतत बंद ठेवला तर ऑइलही जवळजवळ थांबते, म्हणून तो अधूनमधून थोडा उघडावा.

धावत्या गाडीची ताकद अचानक पडली किंवा इंजिन आवळल्यासारखे वाटले, तर लगेच क्लच दाबावा, गाडी सावलीत उभी करावी आणि हेडला हात लावता येईल इतके ते गार होईपर्यंत किक मारू नये.