दीर्घ आजारानंतर पुन्हा शर्यतीकडे: लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी काही सूचना

कित्येक महिने अंगात कणकण राहते, जिना चढताना धाप लागते, रात्रभर झोपूनही थकवा जात नाही आणि तपासण्यांच्या फाइलीत मात्र सगळीकडे ‘नॉर्मल’ असाच शेरा असतो. अशा आजारातून सावरलेल्या धावपटूला जुने वेळापत्रक काढून पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करण्याचा मोह होणे साहजिक आहे. पण ते वेळापत्रक निरोगी शरीरासाठी आखलेले होते. आपल्याला आधी एवढेच ठरवायचे आहे की श्रम केल्यावर आजार उलटतो की नाही, आणि याचे उत्तर पळत असताना मिळत नाही. ते दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी मिळते.

बूट घालण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाऊन काही गोष्टी खरोखर तपासून झाल्या आहेत का, हे पाहावे. हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन कमी असू शकते. त्याच्या जोडीला थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि शरीरातील दाह दाखवणारी सीआरपी या चाचण्या झालेल्या असाव्यात. आपल्याकडे क्षयरोगाची शंका नीट फेडून घेतलेली बरी. आजाराची सुरुवात तापाने झाली असेल किंवा छातीत दुखणे, धडधड, चक्कर असे काही होत असेल, तर ईसीजी आणि टूडी इको या हृदयाच्या तपासण्या करून डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पळू नये, कारण हृदयाच्या स्नायूला सूज आली असल्यास साधारण ३ ते ६ महिने स्पर्धात्मक खेळ बंद ठेवावा लागतो.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगायला हवी. कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिण्याची सवय असेल, तर ते लपवू नये. न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. त्यात येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम आणि अशक्तपणा महिनोन्महिने राहतो, आणि मुद्दाम चाचणी मागितल्याशिवाय तो बहुधा सापडत नाही. धारोष्ण दुधाने ताकद येते हा समज तालमीइतकाच जुना असल्याने, हा मुद्दा घरच्या मोठ्यांसमोर काढताना थोडे जपून बोलावे लागते.

घरी करण्याजोगी एक तपासणी सोपी आहे. सकाळी दहा मिनिटे शांत पडून नाडी मोजावी, मग उभे राहून न हलता दहा मिनिटे दर मिनिटाला ती लिहून ठेवावी. जवळ कोणीतरी असू द्यावे. प्रौढ व्यक्तीची नाडी मिनिटाला ३० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढून तशीच राहत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच सगळे घाईत उरकतात. सपाट रस्त्यावर वीस मिनिटे आरामात चालावे आणि पुढचे तीन दिवस वहीत नोंद ठेवावी: झोप, उठल्यावरची नाडी, घसा, डोके, अंगदुखी, कामात लागणारे लक्ष. श्रमानंतर काही तासांनी, अनेकदा १२ ते ४८ तासांनी, केलेल्या श्रमाच्या मानाने फारच जास्त थकवा येऊन माणूस आडवा होत असेल, तर ती व्यायाम सुटल्याची मरगळ नव्हे. अशा वेळी ‘रोज थोडे थोडे वाढव’ हा सल्ला अपायकारक ठरतो. एमई/सीएफएस या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात ठरलेल्या वाढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. ज्यांचा आजार असा उलटतो, त्यांनी हा लेख येथेच थांबवून आपल्या ताकदीच्या मर्यादेत दिवस कसा बसवायचा, हे डॉक्टरांबरोबर ठरवावे. जिद्दीने त्यातून वाट निघत नाही.

दोन-तीन आठवडे चालूनही काही उलटले नाही, तर पळायला सुरुवात करावी: एक मिनिट हळू पळणे, दोन मिनिटे चालणे, असे एकूण वीस मिनिटे, एक दिवसाआड. मोजमाप वेळेत ठेवावे, किलोमीटरमध्ये नको, कारण किलोमीटर दिसले की जुना वेग आठवतो. पळताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, आणि ती वाढ दोन आठवडे पचल्यावरच पुढची. उठल्यावरची नाडी नेहमीच्या सरासरीपेक्षा सलग दोन दिवस पाच-सात ठोक्यांनी जास्त असेल, तर पळणे बंद ठेवावे. हृदय आणि फुप्फुसे लवकर सुधारतात, पण कंडरा आणि हाडे मागे राहतात. म्हणून दम चांगला वाटू लागतो त्याच सुमारास नडगीच्या हाडाला बारीक चीर पडण्याचा धोका वाढतो.

जागा निवडताना छोटी फेरी पाहावी. रंकाळ्याची पूर्ण फेरी मोहक आहे, पण मध्येच पाय गळाले तर गाडी तलावाच्या पलीकडे राहते. त्यापेक्षा मैदानाच्या चकरा बऱ्या, म्हणजे कोणत्याही क्षणी थांबून घरी जाता येते. विद्यापीठाच्या परिसरातील चढ पुढच्या काही महिन्यांसाठी राखून ठेवावेत, आणि पन्हाळ्याचा घाट तर सर्वांत शेवटी. ओळखीचे लोक ‘काय भावा, दमलास व्हय?’ म्हणणारच, हसून चालू लागावे.

खाण्यात काटकसर नको. आजारपणात वाढलेले वजन उतरवण्यासाठी कमी खाऊन पळणे हे पुन्हा खाटेवर पडण्याचे कारण होऊ शकते. स्त्रियांची मासिक पाळी लांबली किंवा थांबली, तर शरीराला ऊर्जा अपुरी पडत असल्याची ती खूण असू शकते.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी औषधांची यादी ‘नाडा’ या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांशी ताडून पाहावी. अशक्तपणावर गल्लीतल्या दवाखान्यात सहज मिळणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा गोळी स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन लावून घेणे, रुग्णालयातील रीतसर उपचारांचा अपवाद वगळता, कधीही चालत नाही. औषध खरोखर गरजेचे असेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज आधी करावा.

सलग ४० मिनिटे सहज पळता येऊ लागल्यावर, तेही दोन महिने उलटे काही न घडता, आठवड्यातून एकदा वीस-वीस सेकंदांच्या चार-पाच जलद धावा घालाव्यात. पहिली शर्यत ५ किलोमीटरची असावी, आणि तिची नोंदणी आयत्या वेळी रद्द करावी लागली तरी हळहळ वाटणार नाही एवढ्याच शुल्काची असावी. थांबण्याची खूण आधीच ठरवून सोबत्याला सांगावी. शर्यतीनंतर निदान दहा दिवस दुसऱ्या कोणत्याही शर्यतीचा अर्ज भरू नये. त्या दिवसांतील वहीची पाने वाचूनच १० किलोमीटरचा विचार करावा.