पाळीव प्राणी नसलेल्या घरांत साफसफाईचे काम कसे शोधावे : एक अनुभव

2017 च्या पावसाळ्यात मी पुण्यात, कोथरूडमध्ये घरकामाला सुरुवात केली, तेव्हा आपल्याला दमा आहे हे मला माहीत नव्हते. धरलेल्या चार घरांपैकी एका घरी दोन मांजरे होती. त्या घरी सोफ्याखालचा केर काढायला वाकले की शिंका सुरू होत, डोळे चुरचुरत, आणि रात्री दोनच्या सुमारास छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊन जाग येई. मी आधी फिनेलला दोष दिला, मग पावसाळी हवेला, मग शेजारच्या बांधकामाच्या धुळीला. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी मांजरे जिच्यावर झोपत ती चादर मी गॅलरीत झटकली आणि मला श्वास घेता येईना. जिन्यात बसून राहिले, तेव्हा वॉचमनदादांनी रिक्षा आणून मला दवाखान्यात पोहोचवले. पुढे सरकारी रुग्णालयात फुंकर मारण्याची तपासणी झाली, आणि हातावर निरनिराळे थेंब टाकून टोचण्याची तपासणी झाली, तेव्हा मांजराच्या थेंबाच्या जागी मोठी गांध उठली. कुत्र्याच्या थेंबाची गांध लहान होती, पण उठली होती.

ज्यांना असा त्रास आहे आणि ज्यांना साफसफाईच्या कामावरच घर चालवायचे आहे, त्यांनी काम शोधण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते. ॲलर्जीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्या तपासणीपूर्वी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्यामुळे आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना दाखवावीत. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. तपासणीशिवाय आपण केवळ अंदाजाने घरे सोडत जातो. मी स्वतः भरपूर धूळ असलेले एक चांगल्या पगाराचे घर सोडून दिले होते आणि मांजरांचे घर मात्र धरून ठेवले होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलेली एक गोष्ट पुढे काम शोधताना सर्वांत उपयोगी पडली. त्रास प्राण्याच्या केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत एक प्रथिन असते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, आणि त्या प्रथिनाचे अतिशय बारीक कण कोंड्यासोबत हवेत तरंगतात, पडद्यांना, गाद्यांना आणि भिंतींनाही चिकटून बसतात. मांजर घरातून गेल्यावरही ते कण कित्येक महिने टिकतात. म्हणून ‘आमच्या कुत्र्याचे केस गळत नाहीत’ किंवा ‘तुम्ही याल तेव्हा त्याला आतल्या खोलीत ठेवू’ या आश्वासनांचा, ती कितीही मनापासून दिलेली असली तरी, आपल्याला फारसा उपयोग नसतो.

याच कारणाने ‘घरात कुत्रा-मांजर आहे का’ एवढाच प्रश्न पुरत नाही. मी आता चार गोष्टी विचारते: सध्या घरात कोणताही प्राणी किंवा पक्षी आहे का, गेल्या वर्षभरात होता का, मुलांच्या किंवा नातेवाइकांच्या घरचा प्राणी सुट्टीत राहायला येतो का, आणि पुढे आणण्याचा विचार आहे का. तिसरा प्रश्न मी अनुभवातून शिकले. एका आजींच्या घरी वर्षभर काहीच नव्हते, पण दिवाळीत मुलगा सहकुटुंब गावाला गेला आणि त्याचा कुत्रा आठ दिवस आजींकडे राहिला. आजींच्या मनात लपवण्याचे काहीच नव्हते; मी विचारलेच नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

विचारायचे कसे, हा नव्या माणसासमोरचा खरा पेच असतो. प्राणी पाळणारी माणसे त्यांना मुलांसारखे जपतात, आणि आपल्या बोलण्यात किळस किंवा तक्रार दिसली तर ती दुखावतात. मलाही मांजरे आवडतात. गावी आमच्या घरात ती होतीच. म्हणून मी पगाराची बोलणी सुरू होण्याआधी सरळ सांगते, ‘ताई, मला दमा आहे आणि मांजर-कुत्र्याची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आहे. काम मी पूर्ण करते, खाडे करत नाही, पण प्राणी असलेल्या घरी मी आजारी पडते. तुमच्याकडे असतील तर मी दुसऱ्या ओळखीच्या मावशींना पाठवते.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण समोरच्या बाईंची अडचणही त्याने सुटते आणि आपल्याबद्दल चांगले बोलले जाते. दमा आहे म्हटल्यावर काम मिळणार नाही, अशी भीती मला फार वाटे. काही घरे तशी गेलीही. परंतु लपवून धरलेले काम महिन्या-दोन महिन्यांत खाड्यांमुळे जातेच, आणि तेव्हा नावही खराब होते.

घरे शोधण्यासाठी मला सर्वांत विश्वासाची माहिती त्याच इमारतीत काम करणाऱ्या बायकांकडून मिळाली. कोणत्या मजल्यावर कोणाकडे काय आहे हे त्यांना आणि वॉचमनना पक्के ठाऊक असते. स्वतः पाहायला गेल्यास दाराजवळचा पट्टा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील पाण्याचे भांडे, खरवडलेले सोफ्याचे हात यांवरून कळते. गॅलरीला लावलेल्या जाळीवरून मात्र काही ठरवू नये, कारण पुण्यात ती बहुधा कबुतरांसाठी लावलेली असते. ‘या सोसायटीत प्राण्यांना बंदी आहे’ या माहितीवरही विसंबू नये. गृहनिर्माण संस्थांनी प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे, त्यामुळे आज नसलेला कुत्रा उद्या येऊ शकतो.

कबुतरांचा विषय निघालाच आहे, तर तोही सांगते. प्राणी नसलेल्या एका घरात गॅलरीतील कबुतरांची वाळलेली विष्ठा मी कोरडीच खरवडली आणि आठवडाभर खोकत राहिले. त्या धुळीने काही लोकांच्या फुप्फुसांना गंभीर सूज येते. गॅलरीच्या सफाईचे काम मी आता घेत नाही, आणि ते पहिल्याच दिवशी सांगते.

सर्वांत मोठा धोका बदलीच्या कामात असतो. मैत्रीण गावाला जाते, चार दिवस तिची घरे सांभाळण्याची विनंती करते, आणि आपण नाते राखण्यासाठी हो म्हणतो. माझा दुसरा मोठा झटका अशाच बदलीच्या घरी आला. आता मी मैत्रिणीला आधी प्रत्येक घराबद्दल विचारते आणि नको असलेले घर वगळून बाकीची सांभाळते. ॲपवरून तासाच्या हिशोबाने मिळणारे कामही मला याच कारणाने जमले नाही: दर वेळी घर नवे, विचारायला वेळ नाही, आणि दारात पोहोचून नकार दिला तर त्याचा परिणाम आपल्या गुणांकनावर होतो.

बोलणी पक्की करण्याआधी तीन दिवस काम करून पाहण्याची मुदत मागावी आणि त्या दिवसांचे पैसे घ्यावेत. त्रास कधी लगेच होतो, कधी काही तासांनी रात्री होतो, त्यामुळे एका दिवसात खात्री होत नाही. ‘तुमची अट आहे, म्हणून दोनशे कमी’ असे एकदोघींनी मला म्हटले; पहिल्या वेळी मी मान्य केले, याचे मला आजही वाईट वाटते. केर-फरशी आणि भांडी यांचे काम सगळ्यांइतकेच होते, तर पगार कमी घेण्याचे कारण नव्हते.

प्राणी नसलेल्या घरीही काम जपूनच करावे लागते, कारण लोकांच्या कपड्यांवरून हे कण बसमध्ये, शाळेत आणि तिथून घरांत पोहोचतात. मी कोरडे झटकणे टाळते, ओल्या फडक्याने पुसते, केर काढताना एन-95 मास्क लावते, आणि घरी आल्यावर आधी साडी बदलते. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण आणि संडास-मोरीसाठीचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो दमा नसलेल्यालाही घातक असतो.

घरांऐवजी कार्यालयांची सफाई हा मार्ग मी दोन वर्षे पाहिला, आणि ॲलर्जी तीव्र असलेल्यांना तो मी आधी सुचवेन. बँका, दातांचे दवाखाने, हिंजवडीतील कंपन्या येथे ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगची माणसे घेतली जातात. तासाच्या हिशोबाने पैसे घरकामापेक्षा कमी पडतात आणि वेळ बांधलेली असते. परंतु महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना, नियम लागू असलेल्या ठिकाणी, राज्य कामगार विम्याचे संरक्षण मिळते. त्यासाठी आपल्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. दम्याचे औषध कायम घ्यावे लागणाऱ्या माणसासाठी याचे मोल फार आहे, कारण तपासणी आणि औषधे त्यात येतात, आणि आवश्यक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. पहिल्या पगारातच कपात दिसते का आणि आपला विमा क्रमांक मिळाला का, हे ठेकेदाराला विचारावे. मी हे सहा महिने विचारले नाही. कपात होत होती, पण क्रमांक माझ्या हातात नव्हता, म्हणून त्या काळातले पंप मी स्वतःच्या पैशांनी विकत आणले.

घरकाम करणाऱ्यांना ही सोय नसते. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वर्षांच्या कामगारांना तेथे नोंदणी करता येते, आणि ती जरूर करावी.

सध्या माझ्याकडे सकाळी एक दवाखाना आणि त्यानंतर एकाच सोसायटीतील पाच घरे आहेत. बोलणीच्या वेळी मी प्रत्येक घरी सांगून ठेवले आहे, की प्राणी आणायचा झाला तर महिनाभर आधी कळवावे. गेल्या वर्षी एका ताईंनी तसे कळवले. त्यांच्या मुलीला कुत्र्याचे पिल्लू हवे होते. ते येण्याच्या आदल्या दिवशी मी शेवटची फरशी पुसली, ताईंनी पूर्ण पगार आणि बोनसचा हिस्सा दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओळखीच्या मावशी तेथे जाऊ लागल्या. त्याच ताईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना माझे नाव सुचवले, आणि काकूंना माझ्या ॲलर्जीबद्दलही आधीच सांगून ठेवले.