तिचं नाव काय? : फिल्म शिकायला अमेरिकेत येणाऱ्या मराठी मुलींसाठी

मी फिलाडेल्फियात फिल्म शिकायला आले, तेव्हा पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी आमच्या वर्गात क्रिटिक होतं. क्रिटिक म्हणजे तुमची फिल्म दाखवायची, मग दिवे लावायचे, वर्ग बोलणार आणि तुम्ही गप्प बसून ऐकायचं. माझी फिल्म ६ मिनिटांची होती, माढा तालुक्यातल्या आमच्याच गावी ऊसतोडीला आलेल्या बायकांवर. निघायच्या आधीच्या हिवाळ्यात शूट करून आणलेली. पहाटेचं धुकं, कोयत्याचे सपासप घाव, पाचटावर झोपवलेलं तान्हं लेकरू, आणि एका बाईच्या भेगाळलेल्या हातांचा, मग चेहऱ्याचा ११ सेकंदांचा क्लोजअप. मागे सारंगी. मला ती फिल्म फार आवडायची.

बाल्टिमोरहून आलेली एक कृष्णवर्णीय मुलगी माझ्या समोर बसायची. तिनं एवढंच विचारलं, "तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. ती बाई माझ्याशी ४० मिनिटं बोलली होती. ते सगळं बोलणं माझ्या हार्ड डिस्कवर होतं आणि त्यातला एक शब्दही मी फिल्ममध्ये घेतला नव्हता.

त्याच महिन्यात वर्गातल्या एका गोऱ्या मुलानं त्याच्या प्रोजेक्टसाठी मला साडी नेसून स्वयंपाक करताना शूट करू दे म्हणून विचारलं होतं. मी चिडून नकार दिला होता, आणि रात्रभर मैत्रिणीला फोनवर सांगत होते की या लोकांना आपला हात दिसतो, हळद दिसते, आपण दिसत नाही. म्हणून तो प्रश्न मला इतका लागला.

तुम्ही इथं फिल्म, फोटोग्राफी, पत्रकारिता, चित्रकला काहीही शिकायला आलात तरी 'वुमन ऑफ कलर', म्हणजे गोरी नसलेली बाई, हा शब्द तुम्हाला पहिल्याच महिन्यात चिकटतो. तो कुठून आला हे समजून घ्या. बऱ्याच जणींना वाटतं की तो कातडीच्या रंगाचा शब्द आहे. लोरेटा रॉस या जुन्या कार्यकर्त्या त्याची गोष्ट सांगतात ती १९७७ सालच्या ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेची. कृष्णवर्णीय बायकांनी स्वतःच्या मागण्यांचा एक मसुदा आणला होता. लॅटिना, आशियाई, मूलनिवासी बायकांनाही त्यात यायचं होतं, आणि सगळ्यांना धरून एकत्र उभं राहण्यासाठी हा शब्द पुढे आला. म्हणजे हा एकमेकींना दिलेला शब्द आहे. जन्मानं आपोआप मिळत नाही, पाळावा लागतो.

आणि पाळायचा म्हटलं की आपल्याला घरापासून सुरुवात करावी लागते. मी मराठा शेतकऱ्याची मुलगी. तो फड माझ्या चुलत्यांचा होता. मुकादमानं टोळी आणलेली, बायका बीडकडच्या, उचल आधीच घेतलेली. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणीच हत्याराच्या नावानं. अशा ठिकाणी मालकाची पुतणी कॅमेरा घेऊन उभी राहिली तर नको कोण म्हणणार? मी विचारलं होतं, तिनं मान हलवली होती. इथल्या संमतीपत्रात ते बसलं असतं. पण ती संमती नव्हती. अमेरिकेत मी वुमन ऑफ कलर आहे हे खरं, आणि माढ्यात मी मालकाच्या घरची आहे हेही तितकंच खरं. पहिलं सांगून दुसरं लपवणाऱ्या कलाकार इथल्या भारतीयांत पुष्कळ आहेत. तुम्ही त्यातली एक होऊ नका अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्या भाषेतही स्वतःचं स्वतः सांगण्याचा वारसा काही कालचा नाही. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मुलीनं १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार या दलित लेखिकांची आत्मकथनं इंग्रजीत आली आहेत आणि इथल्या विद्यापीठांच्या लायब्ररीत सापडतात. मी ती गावाकडे असताना वाचली नव्हती, फिलाडेल्फियात वाचली. तुम्ही विमानात बसायच्या आधी वाचा.

आता कामाचं.

सुरुवात एका टेबलापासून करा. कॅरी मे विम्स या कृष्णवर्णीय अमेरिकन छायाचित्रकार बाईंची १९९० ची 'किचन टेबल' मालिका बघा. २० फोटो आणि १४ मजकुराच्या पाट्या. एकच टेबल, वर लोंबणारा एकच दिवा, आणि स्वतः विम्स त्या बाईच्या भूमिकेत. कधी प्रियकरासोबत, कधी मैत्रिणींसोबत, कधी मुलीसोबत, शेवटी पत्त्यांचा डाव मांडून एकटी. आमच्या प्राध्यापकांनी तसाच अभ्यास दिला होता. एक जागा, एक दिवा, ६ आठवडे, आणि समोर तुम्ही स्वतः. मी वेस्ट फिलाडेल्फियातल्या भाड्याच्या घरात, चौघींच्या सामायिक स्वयंपाकघरात तो केला. पहिले दोन आठवडे मी फक्त छान दिसायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री आईचा व्हिडिओ कॉल चालू असताना कॅमेरा टायमरवर राहिला. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर आईचं अर्धंच कपाळ, आणि मी पोळी लाटायची थांबून ऐकत होते. माझ्या तोंडावर असा भाव होता जो मी कधी आरशात पाहिला नव्हता. दुसऱ्याचा चेहरा मागायच्या आधी स्वतःचा असा चेहरा देऊन बघा. त्यानंतर तुमचा कॅमेरा दुसऱ्याच्या किती जवळ जातो ते आपोआप बदलतं.

आपल्या रंगाच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकणं ही शिकायचीच गोष्ट आहे. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. सगळी मापं तिच्या कातडीवर ठरलेली, म्हणून सावळे चेहरे कित्येक वर्षं चिखलासारखे छापले गेले. तक्रार आली ती फर्निचर आणि चॉकलेटच्या जाहिराती करणाऱ्यांकडून, त्यांचे तपकिरी रंग नीट येत नव्हते म्हणून. तेव्हा कुठे फिल्ममध्ये सुधारणा झाली. डिजिटलमध्येही कॅमेरा ऑटोवर ठेवलात की पांढऱ्या भिंतीपुढे तुमची मावशी काळवंडते. एक्स्पोजर चेहऱ्यावर लावा, भिंतीवर नाही. नुसता उजेड वाढवून उपयोग होत नाही. दिवा बाजूला घ्या, मोठा पांढरा कागद किंवा चादर धरा आणि तिच्यावरून आलेला उजेड गालावर पडू द्या. सावळी कातडी उजेड परतवते तेव्हा सुंदर दिसते, म्हणून मेकअपवाले मॅट पावडर लावायला आले तर थांबवा. मी गालाच्या हाडावर खोबरेल तेलाचं बोट फिरवते. एका थेंबात काम होतं.

फिलाडेल्फियाबद्दल थोडं सांगते, कारण या शहरानं मला शिकवलं. शेरिल ड्यून्ये या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेची १९९६ ची फिल्म 'द वॉटरमेलन वुमन' इथेच घडते. व्हिडिओच्या दुकानात काम करणारी एक कृष्णवर्णीय मुलगी जुन्या सिनेमातल्या एका विसरलेल्या नटीचा शोध घेते. ती नटी कधी नव्हतीच. ड्यून्ये यांना पूर्वसुरींच्या खुणा सापडेनात, तेव्हा त्यांनी झो लेनर्ड या छायाचित्रकार बाईंबरोबर त्या नटीचे जुने वाटतील असे फोटो तयार केले आणि शेवटी पडद्यावर स्पष्ट सांगितलं की हे रचलेलं आहे. मला यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या आज्यांचे फोटो नसतात, असले तरी लग्नाच्या ग्रुपमध्ये कोपऱ्यात असतात. तुम्हालाही रचावं लागेल. रचा, पण रचलंय म्हणून सांगा. त्या फिल्मला सरकारी कलानिधीचे ३१,५०० डॉलर मिळाले होते आणि त्यावरून अमेरिकन संसदेत वाद झाला होता. २०२१ मध्ये तीच फिल्म राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जपण्यासाठी घेतली गेली. अर्जाला नकार आला की मी हे आठवते.

इथंच लुई मसाया यांनी १९८२ साली सुरू केलेलं स्क्राइब व्हिडिओ सेंटर आहे. वस्तीतली माणसं आपल्या वस्तीचा इतिहास तिथं स्वतः चित्रित करतात. २०१२ पासून दर उन्हाळ्यात ब्लॅकस्टार महोत्सव भरतो, कृष्णवर्णीय, ब्राऊन आणि मूलनिवासी फिल्मकारांचा. स्वयंसेवक म्हणून नाव द्या. तिकीट फाडताना, खुर्च्या लावताना ज्या ओळखी होतात त्या वर्गात होत नाहीत. न्यूयॉर्कला गेलात तर बार्नर्ड कॉलेजच्या लायब्ररीतला झीनचा संग्रह पाहा. झीन म्हणजे स्वतः लिहून, चिकटवून, झेरॉक्स काढून वाटलेलं छोटं पुस्तक. एका कागदाला घड्या घालून मध्ये एक काप दिला की ८ पानं होतात. त्या संग्रहात बायकांनी, विशेषतः वुमन ऑफ कलरनी काढलेली झीन मुद्दाम जमवली आहेत. मी माझं पहिलं मराठी झीन तिथून परतताना बसमध्येच सुरू केलं. पैसे नाहीत, कॅमेरा नाही म्हणून थांबायचं कारण उरत नाही. १९८० साली ऑड्री लॉर्ड आणि बार्बरा स्मिथ या कृष्णवर्णीय लेखिकांच्या बोलण्यातून 'किचन टेबल: वुमन ऑफ कलर प्रेस' उभी राहिली तीही अशीच. कुणी छापत नाही, तर आपण छापू.

व्हिसाचं थोडक्यात, पण गांभीर्यानं घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. बाहेरचं एखादं लग्नाचं शूट पैसे घेऊन केलंत तर नियमभंग होतो, रक्कम कितीही छोटी असो. पदवीनंतर ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची मुभा, १२ महिने, त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मात्र ओपीटीवर स्वतंत्र कलाकार म्हणून स्वतःचं कामही धरलं जातं, आठवड्याला किमान २० तास आणि त्याची नोंद असली तर. मी वहीत तारीखवार लिहून ठेवायचे, ती वही नंतर कामाला आली. स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणिताच्या पदव्यांना मिळणारी ओपीटीची २४ महिन्यांची वाढ कलेच्या बहुतेक पदव्यांना नसते, तेव्हा प्रवेश घेण्याआधीच विचारा. नियम बदलतात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विश्वास ठेवू नका, तुमच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा.

अनुदानं बहुधा नोंदणीकृत विनानफा संस्थांनाच मिळतात. म्हणून फिल्मकार एखाद्या संस्थेच्या छत्राखाली अर्ज करतात आणि ती संस्था साधारण ५ ते १० टक्के ठेवते. १९७२ पासून चालणारी 'विमेन मेक मूव्हीज' बायकांच्या फिल्मसाठी हे काम करते. काही निधी फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतात, ती ओळ आधी वाचा, म्हणजे तीन आठवडे वाया जाणार नाहीत. महोत्सवांच्या प्रवेशशुल्कात सूट मागायला लाजू नका. नम्र मेल लिहिला की बरेच जण देतात.

सबटायटल स्वतः करा. एका ओळीत ४० च्या आसपास अक्षरं मावतात, दोन ओळी, संपलं. "जीव गोळा झाला" हे तेवढ्यात कसं मांडणार? मी चार दिवस झगडले. वर्गातले म्हणाले, आत्या म्हणजे कोण ते कंसात सांग. मी आत्या तशीच ठेवली. बघणाऱ्याला तिसऱ्या प्रसंगापर्यंत कळतं, आणि ज्या बायकांची ती गोष्ट आहे त्यांच्याशी मी अजून त्यांच्याच भाषेत बोलत राहते. तुमची फिल्म पहिल्यांदा कोण बघणार हे मनात पक्कं करा, अर्धे निर्णय तिथं होतात.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात मी गावी गेले. या वेळी चुलत्यांच्या फडात नाही. त्या क्लोजअपमधल्या बाईची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली होती, तिथं गेले, कॅमेरा न घेता. तिनं ओळखलं. मी नाव विचारलं. ते नाव आम्ही नंतर केलेल्या नव्या फिल्ममध्ये आहे, इथं लिहीत नाही, कारण तिनं परवानगी फिल्मपुरती दिली आहे आणि आडनाव लावायचं नाही असं सांगितलंय.

ती ४० मिनिटं मी तिला फोनवर पुन्हा ऐकवली. ती म्हणाली, "पेपरवाले, टीव्हीवाले, सगळे येतात ते पिशवीचंच विचारतात." २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर पुष्कळ बातम्या आल्या, त्या याव्यातच अशा होत्या. पण तिला बोलायचं होतं मुलीच्या शाळेबद्दल. दर दिवाळीनंतर सुटणारी शाळा, आजीपाशी ठेवलेली मुलगी, आणि मोळी बांधायची एक युक्ती जी तिनं स्वतः शोधली होती आणि आता टोळीतल्या बाकीच्या बायकाही वापरत होत्या. त्या हंगामात ती रात्री दहानंतर मला व्हॉइस नोट पाठवायची. काय शूट करायचं तेही तिनंच तिच्या फोनवर केलं. श्रेयनामावलीत दिग्दर्शनाखाली दोन नावं आहेत. मी ओपीटीवर असताना एका विद्यापीठानं फिल्म दाखवल्याचं मानधन दिलं, त्यातलं निम्मं तिच्या खात्यावर गेलं. हे सगळं आधी कागदावर लिहून, तिला मोठ्यानं वाचून दाखवून ठरवलं होतं. तुम्हीही तसंच करा, काम सुरू व्हायच्या आधी.

पहिला कट मी तिला खोपीत बसून लॅपटॉपवर दाखवला. सासू, दोन जावा आणि तिची मुलगी मागे उभ्या. मधे एका जागी तिनं हात वर केला, मी थांबवलं. माझ्या जुन्या फिल्ममधला तोच ११ सेकंदांचा क्लोजअप मी मोहानं तसाच ठेवला होता, सारंगीसकट.

"इथं मी रडू नाही लागले," ती म्हणाली. "घाम हाय तो. ते वाजंत्री तेवढी काढ."

काढली. आता तिथं फक्त कोयत्याचा आवाज आहे.