फोरॅमिनिफेरांवर काम सुरू करताय? आधी डोळा तयार करा

फोरॅमिनिफेरा म्हणजे कवच असलेले समुद्रातले सूक्ष्म एकपेशीय जीव; त्यांच्या जुन्या कवचांवरून प्राचीन समुद्राचं तापमान आणि प्रवाह कळतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मास स्पेक्ट्रोमीटरपर्यंत, म्हणजे कवचातले हलके-जड अणू मोजणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचायची घाई असते. माझा आग्रह उलटा आहे. सुरुवातीचे काही महिने मायक्रोस्कोपखालीच काढा.

समुद्रतळातून काढलेल्या कोअरचा, म्हणजे गाळाच्या लांब नळकांड्याचा, नमुना भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वर उरलेलं वाळवायचं. मग ते काळ्या ट्रेवर पसरून ओल्या ब्रशच्या टोकाने हवी तीच प्रजाती एकेक करून उचलायची. पाठ भरून येते, पण नजर तयार होते ती इथेच. चांगलं टिकलेलं कवच काचेसारखं पारदर्शक दिसतं. पांढरं, अपारदर्शक दिसलं तर सावध व्हा, कारण त्यातलं कॅल्साइट (कवच ज्याचं बनतं ते कॅल्शियम कार्बोनेट) गाळात पडल्यावर पुन्हा स्फटिकलेलं असू शकतं. उष्ण पृष्ठभागावर वाढलेलं कवच अशा वेळी थंड तळाचं तापमान सांगू लागतं.

पाणी थंड झालं की कवचात ऑक्सिजन-१८ चं, म्हणजे ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं, प्रमाण वाढतं. पण जमिनीवर बर्फ साठला तरी ते वाढतंच, कारण हलका ऑक्सिजन-१६ बर्फात अडकून पडतो. या दोन गोष्टी वेगळ्या करायला कवचातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम गुणोत्तर हाताशी ठेवावं लागतं, कारण ते मुख्यतः तापमानानुसार बदलतं.

खोल समुद्रातल्या प्रवाहांसाठी कवचातला कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जड समस्थानिक, बघतात. पृष्ठभागावरून खाली गेलेलं पाणी जितकं जुनं, तितका त्यात कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातला हलका कार्बन जास्त. म्हणून आज खोल पॅसिफिकमधलं मूल्य उत्तर अटलांटिकपेक्षा कमी आहे. प्रजातीची ओळख कळीची ठरते ती इथे. सिबिसिडॉइडेस वुलरस्टॉर्फी हा फोरॅमिनिफेरा तळाच्या वर राहतो, युविजेरिना हा दुसरा गाळात शिरून, जिथल्या पाण्यात हलका कार्बन जास्त असतो. दोघांची सरमिसळ झाली, तर प्रवाह न बदलताही आलेखात बदललेला दिसेल.

सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर तयार झाली. त्या काळच्या गाळातल्या कवचांत ऑक्सिजन-१८ ची उडी स्पष्ट दिसते. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला ड्रेक आणि टास्मानियाजवळचा असे समुद्री मार्ग उघडले, खंडाभोवती प्रवाह फिरू लागला, उष्णता पोहोचेना, हे भूवैज्ञानिक केनेट यांचं १९७० च्या दशकातलं स्पष्टीकरण. २००३ मध्ये डीकाँटो आणि पोलार्ड या संशोधकांच्या हवामानाच्या संगणकीय प्रारूपाने हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची घट जास्त महत्त्वाची ठरवली. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते, पण मार्ग नेमके कधी खोल झाले यावर वाद चालू आहे. नव्या माणसाला करण्यासारखं बरंच काम त्यात आहे.

त्यासाठी जहाजावर जायलाच हवं असं नाही. जर्मनीतलं ब्रेमेन, अमेरिकेतलं कॉलेज स्टेशन आणि जपानमधल्या कोची इथल्या भांडारांत दशकांचे कोअर जपून ठेवलेले आहेत आणि संशोधनासाठी नमुने मागता येतात. अर्ज करण्याआधी तो कोअर काढणाऱ्या मोहिमेचा प्राथमिक अहवाल वाचा. त्या काळी ती जागा किती खोल होती आणि कवचं कितपत टिकली आहेत, हे तिथे सापडतं. फार खोल तळाशी कॅल्साइट विरघळून जातं, आणि तिथला गाळ कितीही चाळला तरी हाती कॅल्साइटचं एकही कवच लागत नाही.